देवदाराच्या जागी

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की बाई केवढ्याशा गोष्टीवरून भडकली. भडकले खरी. आणि त्या दिवशी तरी ती मला केवढीशी गोष्ट वाटत नव्हती.

झाडापासून सुरुवात करते. सिंगापूरला मी हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत कामाला होते. कुठला माल कुठल्या बोटीवर चढला, कुठं उतरला, त्याचे कागद बघायचे. सार्सची साथ आली त्याच्या आदल्या वर्षी कंपनीनं मला आठ महिन्यांसाठी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदराच्या गावी पाठवलं. नवरा सिंगापुरातच राहिला. मी एका निवृत्त नर्सबाईंकडे खोली घेतली. त्यांच्या व्हरांड्यात तीस-चाळीस बोन्साय होते. बोन्साय म्हणजे झाडाचे हाल, असं माझं ठाम मत होतं आणि पहिल्याच आठवड्यात ते मी बाईंना ऐकवलंसुद्धा. आगाऊपणाच म्हणायचा. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, रविवारी माझ्याबरोबर चल.

गावाबाहेर समुद्राच्या बाजूला त्यांची रेताड जमीन होती. तिथं त्यांचा मुलगा घर बांधणार होता. सगळीकडे टी-ट्रीची झुडपं माजली होती. आपण ज्याचं तेल बाटलीतून आणतो त्याचीच ही एक भावकी. सुईसारखी बारीक पानं, चुरगळली की नाकात शिरणारा वास, बोराएवढी पांढरी फुलं. बाई म्हणाल्या, "उद्या मशीन येणार. संध्याकाळी यातलं एकही उरलेलं नसेल. तुला एखादं वाचवायचंय का?"

आता असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? मी एक निवडलं. गुडघ्याएवढं, पण खोड माझ्या मनगटाएवढं जाड. वाऱ्यानं एका बाजूला कललेलं. वरचे शेंडे जनावरांनी खाऊन खाऊन खुरटलेले. सबंध सकाळ आम्ही दोघी ते खणत होतो. मुळाला धक्का लागला की हे झाड रुसतं, म्हणून बाई मला फावडं लावू देईनात, हातानं रेती उकरायला लावली. माझी नखं तुटली. घरी आणून लाकडी खोक्यात लावलं आणि दोन महिने त्याच्यासमोर देव पाण्यात घालून बसले. तिसऱ्या महिन्यात शेंड्याला नवी पानं दिसली.

तिथून निघताना दोन्ही देशांचे कागद करावे लागले. मुळांची माती धुवायची, एक कण राहता कामा नये. ओल्या शेवाळात गुंडाळायचं. तपासणाऱ्या माणसानं ते झाड उलटं धरून हलवलं तेव्हा माझ्या तोंडून मराठी शिवी गेली. बरं झालं, त्याला कळली नाही.

बाईंनी मला बरंच शिकवलं, पण निरोप घेताना एकच गोष्ट पुन्हा बजावली. हिरव्याच्या मागं कात्री न्यायची नाही. जास्वंद म्हणा, कण्हेर म्हणा, कशीही छाटली तरी उघड्या लाकडातून फुटते. हे झाड फुटत नाही. डहाळीवरची सगळी पानं गेली, नुसतं लाकूड उरलं, की ती डहाळी गेली. कितीही जपा, परत येत नाही. म्हणून कापायचं ते पुढं कापायचं, मागं थोडं हिरवं शिल्लक ठेवून.

आमचा फ्लॅट पाया लेबारच्या बाजूला, अकराव्या मजल्यावर. बाहेरच्या कॉमन कॉरिडॉरमध्ये कठड्याला लागून मी एक रॅक ठेवला होता. झाडाला पाण्याशिवाय एक दिवस चालत नाही, आणि बशीत पाणी साचलेलं दिसलं की डासवाल्या तपासनिसांचा दंड. मग बशीत वाळू भरली आणि ती ओली ठेवायची. दोन वेळा, रोज. ऑफिसातून यायला उशीर झाला तर बस स्टॉपवरून नवऱ्याला फोन, "पाणी घातलं का?" तो म्हणायचा, "मी जेवलो का तेही कधीतरी विचार."

चार वर्षं लागली मला. चार वर्षांत त्या खुरट्या झुडपात बुटका, वाऱ्यात उभा असलेला म्हातारा वृक्ष दिसायला लागला. त्यातही डावीकडची खालची फांदी. खोड उजवीकडे कललेलं, आणि ही फांदी डावीकडे लांब पसरलेली. तिनंच सगळा तोल धरला होता. तिला मी तार गुंडाळून, सैल करून, पुन्हा गुंडाळून दरवर्षी बोटभर वळवत आणली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती फांदी दाखवायची. लोक कंटाळायचे, पण सिंगापुरातले मराठी लोक सभ्य, जांभई देत नाहीत.

आई गेल्यावर वर्षभरानं बाबांना मी इकडं आणलं. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. पुण्यात एकटे राहून नुसता वरणभात खायचे. मी विमानाचं तिकीटच पाठवलं, लाँग टर्म व्हिजिट पास काढला आणि म्हटलं, "आता इथंच राहायचं. हे घर तुमचंच आहे." हे वाक्य मी बोलले होते, नवरा साक्षीला आहे. बाबांनी येताना शाडूचा गणपती मांडीवर घेऊन आणला. हवाई सुंदरीनं वर ठेवायला मागितला तरी दिला नाही म्हणे.

पहिले दोन महिने त्यांना करमेना. सकाळी खाली चक्कर, मग खिडकीत. मग गणपती जवळ आला आणि माणूस एकदम बदलला. पत्री गोळा करणं हे आयुष्यभर त्यांचं काम. एकवीस झाडांची पानं, एकवीस जुड्या, प्रत्येकीला दोरा आणि त्याखाली चिठ्ठी, नकाशावर गावांची नावं लिहावीत तशा ठाशीव अक्षरात: माका, बेल, शमी, आघाडा, डोरली. पुण्यात ते टेकडी पालथी घालायचे. इथं रस्त्यावरच्या झाडाचं पान तोडायचीही चोरी. मी म्हटलं, "बाबा, जे मिळणार नाही त्याच्या जागी अक्षता वाहा, शास्त्रात चालतं."

"अक्षता काय, सगळ्यालाच चालतात," ते म्हणाले. "मग देवसुद्धा सुपारीचाच मांड की."

आणि निघाले. लिटिल इंडियातून दूर्वा, बेल, तुळस आणली. देवळाच्या आवारातून रुई आणि धोतरा. आमच्या मजल्यावरच्या चिनी आजींच्या कुंडीतलं डाळिंब. पलीकडची मलय शेजारीण भातात पांदानचं पान घालते, ते केवड्याच्या घरचंच, म्हणून तिच्याकडून ते. इंग्रजी मोडकंतोडकं, तरी कसं जमवलं देव जाणे. ही बातमी आसपासच्या मराठी घरांत पोचली. चार घरांनी सांगून ठेवलं, काका, आम्हालाही एक संच हवा. बाबांनी डायनिंग टेबलावर पेपर पसरला, पाच संच मांडायला घेतले, आणि मी त्यांना शीळ घालताना ऐकलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

हरतालिकेच्या दिवशी मी ऑफिसातून आले तर दारात पुण्याचीच एक इंजिनियर मुलगी आपला संच न्यायला उभी होती. बाबा तिला एकेक जुडी समजावून देत होते. "आणि हा देवदार. म्हणजे देवदार नाही, पण पान अगदी तसंच, सुईसारखं. वासही आहे बघ."

माझ्या ओळखीचा वास होता तो. मी कॉरिडॉरमध्ये परत गेले. डावीकडच्या फांदीवर एकही पान नव्हतं. बाबांनी माझ्याच कात्रीनं, ड्राफ्ट्समनच्या हातानं, सगळ्या डहाळ्या एका रेषेत साफ कापल्या होत्या. देवाला चिमूटभर काय द्यायचं, म्हणून भरघोस. पाच घरांसाठी. उरलं होतं ते नुसतं लाकूड.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आत येऊन मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेवटचं आठवतं. "हे तुमचं घर नाहीये बाबा! इथं कशालाही हात लावण्याआधी विचारायचं!"

ती मुलगी संच छातीशी धरून तशीच उभी. बाबांच्या हातात दोऱ्याचं रीळ होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. म्हणाले, "बाकी सगळ्यांना विचारलं होतं गं." एवढंच. मग त्या मुलीला म्हणाले, "तू नीघ बाळ, उशीर होईल."

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. आरती झाली, मोदक झाले. संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी घेऊ का?"

मला वाटलं, ओट्यापाशी मी आहे म्हणून विचारताहेत. पण मग ते सुरूच झालं. फ्रीजमधलं ताक घेऊ का? पंखा लावला तर चालेल? पेपर आधी मी वाचू का? खाली जाऊन येऊ का? बाथरूमचा दिवा चालू राहू देऊ का? आवाजात राग नाही, टोमणा नाही. सरकारी ऑफिसात साहेबाच्या टेबलाशी उभं राहून विचारावं तसं. आणि मी हो म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. मला आधी वाटलं, मुद्दाम करताहेत, मला टोचायला. मी नवऱ्याला तसं म्हटलंही.

तो एरवी माझ्या माहेरच्या भानगडीत पडत नाही. त्या दिवशी म्हणाला, "सूड नाही घेत आहेत ते. घाबरलेत."

मी माफी मागितली. खरंच मागितली, पायाला हात लावून. "बाबा, चुकलं माझं. जिभेला हाड नाही माझ्या, तुम्हाला माहितेय."

"अगं, चुकलं काय त्यात? बरोबरच आहे. ज्याचं घर त्याला विचारावं."

"मला नका विचारत जाऊ."

"बरं," ते म्हणाले. आणि मग, "नको विचारू ना?"

मी मोरीत जाऊन रडले.

महिन्याभरानं लिफ्टमध्ये त्या चिनी आजी भेटल्या. माझ्याकडे बघून हसल्या. "युवर फादर व्हेरी पोलाइट लाह," म्हणाल्या. चार पानांसाठी म्हातारा हात जोडून दारात उभा होता, कुठलं पान तोडू ते बोटानं दाखवून मगच तोडलं, जाताना कुंडीला पाणी घालून गेला. मलय शेजारणीकडेही तसंच. देवळातल्या माळ्याला तर त्यांनी घरून चहा नेऊन दिला होता म्हणे. लिफ्ट अकराव्या मजल्यावर आली, आजी उतरल्या, दार बंद झालं आणि मी आतच राहिले. बाकी सगळ्यांना विचारलं होतं. म्हणजे परक्यांना विचारलं होतं. आपल्या घरातल्या झाडासाठी कुणी विचारतं का? मी पुण्यातल्या घरात कधी विचारून फ्रीज उघडला? आपलं म्हणून त्यांनी एकाच ठिकाणी हात घातला, आणि नेमकं तिथंच मी त्यांना बाहेर काढलं.

फांदी वाळत गेली. मला माहीत होतं, तरी रोज सकाळी बघायची, न जाणो, एखादा कोंब. बाबाही बघायचे, भिंग घेऊन. "बघू का?" असं विचारून. डिसेंबरपर्यंत साल सुटायला लागली.

जानेवारीत एका रविवारी ते कागदांची गुंडाळी घेऊन माझ्यापुढं आले. "दाखवू का?"

झाडाचे चार नकाशे होते. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक फांदी मापानं, जाडी मिलिमीटरमध्ये. मेलेली फांदी तुटक रेषेत. त्यांनी मागच्या बाजूच्या नकाशावर पेन्सिल टेकवली. "इकडून बघ. इकडून खोड उजवीकडे नाही, तुझ्याकडे झुकतंय. आणि ही मागची फांदी आहे ना, तिला तू कधी महत्त्वच दिलं नाहीस. तिनं तोल धरलाय. फिरवलं तर चालेल. पण बघ बाई, झाड तुझं."

अगदी बरोबर होतं ते. चार वर्षं मी एकाच बाजूनं बघत होते. मी म्हटलं, "फिरवा की मग." त्यांनी कुंडी फिरवली, आणि वाळलेली फांदी हातात धरून माझ्याकडं बघितलं. "काढू?" मी हो म्हटलं. त्यांनी काढली. जखमेवर मेण लावलं. मी त्यांना बाईंचा नियम सांगितला, हिरव्याच्या मागं कात्री नाही. त्यांनी तो नकाशाच्या कोपऱ्यात लिहून घेतला. बोलणं वाढलं आमचं त्या दिवसापासून. ते झाडाला तारा लावायला शिकले, माझ्याहून सुबक. पण प्रत्येक तारेला, "लावू का?"

वर्ष असं गेलं. पासची मुदत गणपतीनंतर संपत होती. जुलैत बाबा म्हणाले, "गणपती झाला की पुण्याला जाईन म्हणतो. जाऊ का?"

"नका जाऊ," मी म्हटलं. "पास वाढवू."

"तू म्हणशील तसं." पण त्यांनी बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली होती. विचारून. मी फॉर्म आणला, तो भरला, आणि सहीसाठी त्यांच्या उशाशी ठेवला. तिथंच पडून होता. सही करा म्हणून आग्रह केला असता तर केलीही असती त्यांनी. पण हुकूम म्हणून केली असती. ती सही मला नको होती. माझ्यासारख्या बाईला गप्प बसणं किती जड गेलं ते माझं मला माहीत.

गणपती आला. या वर्षी फक्त दोन घरांनी पत्री सांगितली. त्यातली एक ती इंजिनियर मुलगी, तिला दंडवत. बाबा पुन्हा हात जोडत मजल्यामजल्यावर फिरले. मला म्हणाले, "वीस मिळतील. देवदाराच्या जागी अक्षता वाहीन." अक्षता! या माणसानं! मला म्हणावंसं वाटलं, बाबा, झाड आहे की, घ्या. ओठापर्यंत आलं होतं. पण मी घ्या म्हटलं की ती परवानगी झाली असती. वर्षभर परवानग्याच तर देत होते मी. जीभ चावून गप्प बसले आणि ऑफिसला गेले.

हरतालिकेला संध्याकाळी परत आले. टेबलावर पेपर पसरलेला, तीन संच मांडलेले, तीच ठाशीव अक्षरं. बाबा दिसले नाहीत. मी सवयीनं पहिला संच मोजला. एकोणीस, वीस. आणि कडेला एकविसावी चिठ्ठी. देवदार. वर हिरवीगार, बोटाएवढी एक डहाळी, दोऱ्यानं बांधलेली. तिन्ही संचांत.

पर्स खांद्यालाच होती, तशीच मी बाहेर धावले. झाडाजवळ वाकून बघितलं. तीन काप होते, तीन वेगवेगळ्या फांद्यांवर. जिथं शेंडे जास्त वाढले होते आणि येत्या रविवारी मीच छाटणार होते, नेमके तिथं. प्रत्येक कापामागं दोन बोटं हिरवं शिल्लक होतं.

त्यांनी मला विचारलं नव्हतं. फोन नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. भर दुपारी माझी कात्री घेऊन माझं झाड कापलं होतं या माणसानं, आणि मला एवढा आनंद झाला की कठड्याला धरून उभी राहिले.

आत आले तर बाबा स्वयंपाकघरात. फ्रीजचं दार सताड उघडं, हातात ताकाचं पातेलं, आणि पेल्यात ओतता ओतता थोडं ओट्यावर सांडलेलं.

"आलीस?" ते म्हणाले. माझं तोंड बघून त्यांच्या लक्षात आलं असावं. "देवदार काढला दुपारी. मागं हिरवं ठेवलंय गं."

"बघितलं," मी म्हटलं.

त्यांनी ओट्यावरचं ताक फडक्यानं पुसलं, दुसरा पेला काढला, आणि पातेलं हातात तसंच धरून माझ्याकडं वळले.

"तू घेणार का?"

मी खांद्यावरची पर्स खाली ठेवली आणि हो म्हटलं.